सवयीने घडणारा आचार आणि देहाचे अवधान

भिक्षेहून परतणारा एक भिक्षुक अधोदृष्टीने वाट चालत आहे. चाल मंद आहे, खांद्यास झोळी आहे, मुखी नाम आहे. बाहेरून पाहणाऱ्यास त्याच्या चालण्यात काही उणे दिसावयाचे नाही. तरीही वाटेवरची मुंग्यांची रांग त्याच्या पायाखाली येते आणि तो तसाच पुढे जातो. मागून येणारा सोबती म्हणतो, "दादा, रांग दिसली नाही काय?" तो थबकतो, वळून पाहतो आणि म्हणतो, "दृष्टी तर खालीच होती." हे उत्तर खोटे नाही. दृष्टी खालीच होती. पाहणे मात्र नव्हते. दीक्षेच्या नव्या दिवसांत मान खाली घालावयाची ती पाहण्यासाठी. पुढे मान आपोआप खाली जाऊ लागली, आणि पाहण्याचे काम केव्हा थांबले हे त्याचे त्यालाही कळले नाही.

प्रस्तुत विवेचनाचा प्रश्न या एका पावलात आहे. हिंसा टळावी म्हणून जो आचार अंगी बाणविला, तोच अंगवळणी पडल्यामुळे हिंसेस वाट मोकळी करून देत असेल, तर तो आचार राहिला काय? आणि त्या पावलाचा कर्ता कोण?

एक पक्ष असे म्हणेल की, मारण्याचा हेतू नव्हता, जाणीवही नव्हती. सबब दोष नाही. हा पक्ष दिसतो तितका निरुपद्रवी नाही. तो मान्य केला तर जो जितका बेसावध तो तितका निर्दोष ठरेल, आणि सावधपणे चालणारा मात्र प्रत्येक पावलाचा भार वाहील. दुसरा पक्ष म्हणेल, घडले ते घडले. हेतूचा विचार कशाला? या पक्षात डोळ्यांत तेल घालून चालणारा आणि डुलत चालणारा एकाच मापाने मोजले जातात. विचारशील वाचकास दोन्ही पक्ष अपुरे वाटतील. दोष आहे, परंतु तो पाऊल पडले त्या क्षणी नाही, कारण त्या क्षणी त्या भिक्षुकाच्या हाती काहीच उरले नव्हते. दोष त्याच्या आधी कोठेतरी आहे. तो नेमका कोठे, हे कळण्यासाठी सवय देहात कशी राहते हे पाहिले पाहिजे.

मराठी भाषेने याविषयी पूर्वीच साक्ष देऊन ठेवली आहे. सवयीसाठी तिने योजलेले शब्द मनाचे नाहीत, देहाचे आहेत. गोष्ट अंगवळणी पडते, हाताला वळण लागते, पाठ तोंडी बसतो, वाट पायाखालची होते. पायाखालच्या वाटेवर मनुष्य चालतो तेव्हा त्याला वाट पाहावी लागत नाही, हाच त्या शब्दप्रयोगाचा अर्थ आहे. आणि हेच येथे विचारास कारण झाले आहे.

सवय ही केवळ शत्रू नव्हे, हेही तितकेच खरे. घास तोंडात घालणे, धोतर नेसणे, अक्षर काढणे यांतील प्रत्येक हालचाल दर वेळी नव्याने ठरवावी लागली असती तर सकाळच्या वंदनालाच दुपार झाली असती. ग्रीक तत्त्ववेत्ता अरिस्टॉटल याने आपल्या नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात म्हटले आहे की सद्गुण हा जन्माने येत नाही, तो करून करून येतो. न्यायाची कृत्ये करीत गेल्याने मनुष्य न्यायी होतो, जसा वाद्य वाजवीत गेल्याने वादक होतो. हे मत पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्याच भागात थोडे पुढे त्याने एक अट घातली आहे, ती सहसा कोणी सांगत नाही. कृत्य न्यायाचे दिसले म्हणजे भागत नाही. कर्त्याला आपण काय करीत आहो हे ठाऊक असले पाहिजे, ते त्याने त्या कृत्यासाठीच निवडलेले असले पाहिजे, आणि त्याची वृत्ती त्यात स्थिर असली पाहिजे. सवय तिसरी अट पुरी करते आणि पहिली दोन हळूच काढून घेते, अशी ही अडचण आहे.

सवय जेथे राहते ती जागा जाणणाऱ्याच्या जागेहून वेगळी आहे, याचा एक विलक्षण पुरावा विसाव्या शतकात मिळाला. अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर अपस्माराच्या व्याधीसाठी १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला नवे काहीही स्मरणात ठेवता येईना. आताच भेटलेला मनुष्य थोड्या वेळाने पुन्हा आला तर तो त्यास अनोळखी वाटे. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याच्याकडून एक अभ्यास करवून घेतला. कागदावर दुहेरी रेघांची चांदणी काढलेली होती. त्या दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवावयाची, परंतु हात आणि कागद प्रत्यक्ष न पाहता आरशात पाहून. आरशात सर्व उलटे दिसत असल्यामुळे प्रथम कोणाचाही हात चुकतो. मोलेसनचा हात दिवसागणिक सुधारत गेला. तिसऱ्या दिवशी तो पुष्कळच सफाईने रेघ काढू लागला, आणि हे काम आपण पूर्वी कधी केले आहे याची मात्र त्याला गंधवार्ता नव्हती. हात शिकला होता. हाताचा धनी शिकला नव्हता. २००८ साली त्याचे निधन झाले. त्याची व्याधी असामान्य खरी, परंतु तिने जे उघड केले ते सर्वांच्याच देहात झाकलेले आहे. म्हणूनच मनाने केलेला निश्चय हाताला कळत नाही. "उद्यापासून नीट पाहून चालेन" हा निश्चय ज्या घरी पोहोचतो त्या घरी सवय राहतच नाही.

याला जोडून आणखी एक शोध ध्यानात घेण्यासारखा आहे. अमेरिकेतील ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांना आडवळणाच्या मार्गातून खाद्यापर्यंत जावयास शिकविले आणि त्या वेळी मेंदूच्या आतील स्ट्रायेटम या भागातील पेशी काय करतात हे मोजले. मार्ग नवा होता तोवर त्या पेशी धावण्याच्या आरंभापासून शेवटपर्यंत जागत्या होत्या. मार्ग अंगवळणी पडल्यावर त्या मुख्यतः आरंभी आणि शेवटी जाग्या होऊ लागल्या. मधला सर्व प्रवास एक गाठोडे बांधून टाकल्यासारखा झाला. उंदरावरून माणसाचे सर्व काही ठरत नाही हे खरे. तरी भिक्षुकाच्या चालण्याशी हे चित्र किती जुळते! झोळी घेऊन निघताना तो जागा असतो, मठाच्या दारी पोहोचल्यावर जागा होतो, आणि मुंग्यांची रांग असते ती मध्ये.

मग उपाय काय? या प्रश्नाचा एका मनुष्याने स्वतःच्या देहावर वर्षानुवर्षे जो शोध घेतला, तो थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. फ्रेडरिक मथायस अलेक्झांडर हा १८६९ साली ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडील टास्मानिया बेटावर जन्मला. नाट्यकाव्यांचे जाहीर पठण हा त्याचा व्यवसाय. पठण करता करता त्याचा आवाज बसू लागला. वैद्यांनी औषध दिले, बोलणे बंद ठेवावयास सांगितले. विश्रांतीने आवाज सुधारे, आणि रंगमंचावर चढताच काही वेळाने पुन्हा बसे. तेव्हा त्याने साधा तर्क केला : विश्रांतीने बरे वाटते आणि पठणाने बिघडते, तर पठण करताना हा देह काहीतरी असे करीत असला पाहिजे की ज्याने आवाज बिघडतो. ते काय, हे वैद्यास सांगता येईना. म्हणून तो आरशापुढे उभा राहिला.

साध्या बोलण्यात त्याला काही दिसले नाही. पठणास आरंभ करताच तीन गोष्टी दिसल्या. डोके मागे खेचले जात होते, कंठ खाली दाबला जात होता, आणि श्वास तोंडावाटे आवाज करीत आत ओढला जात होता. पुढे बारकाईने पाहता साध्या बोलण्यातही हेच थोड्या प्रमाणात घडत असल्याचे त्याच्या ध्यानी आले. म्हणजे हा दोष पठणाचा नव्हता, बोलण्याचाच होता. पठणात तो वाढून दिसला इतकेच. शोध करता करता त्याला असेही आढळले की दोष एकट्या मानेचा नाही, पायांच्या तळव्यांपर्यंत सर्व देह त्यात गुंतलेला आहे. आणि पायांनी जमीन घट्ट धरून उभे राहण्याची ती रीत त्याला त्याच्या शिक्षकानेच शिकविलेली होती. शिक्षकाचा उपदेश चांगल्या हेतूने होता, शिष्याने तो निष्ठेने पाळला, आणि पाळता पाळता ज्याने आवाज उमलावा त्यानेच तो कोंडला. परंपरेने आलेला आचार जतन करणाऱ्या कोणालाही या ठिकाणी थांबून विचार करावासा वाटेल.

आता दोष कळला, तेव्हा तो टाळणे सोपे असे अलेक्झांडरला वाटले. डोके मागे न नेता पुढे ठेवावयाचे, इतकेच ना! त्याने तसे केले. तसे होत असल्याची त्याला खात्रीही वाटली. तरी सुधारणा होईना, म्हणून त्याने आणखी दोन आरसे दोन बाजूंस लावले. त्यांत दिसले की डोके पुढे नेत आहोत असे ज्या क्षणी त्यास ठामपणे जाणवत होते, त्याच क्षणी ते पूर्वीप्रमाणे मागे खेचले जात होते.

या सर्व विषयाचे मर्म येथे आहे. सवय देहाची कृती बिघडविते एवढेच नव्हे. ती कृती योग्य की अयोग्य हे सांगणारी देहाची जी आतील जाणीव, तीही बिघडविते. जे नेहमीचे तेच सरळ वाटू लागते. वर्षानुवर्षे पोथीवर वाकून ज्याच्या पाठीस बाक आला आहे त्यास कोणी खरोखर सरळ बसविले तर आपण मागे कलंडलो असे त्यास वाटते. तराजूच खोटा असेल तर त्यावर पुन्हा पुन्हा तोलून काय उपयोग? "दृष्टी तर खालीच होती" असे म्हणणारा भिक्षुक याच तराजूवर तोलून बोलत होता.

अलेक्झांडरने यावर जी वाट काढली ती निश्चयाची नव्हती, नकाराची होती. वाक्य बोलावयाचे असे मनात येताच देह जुन्या वाटेने धावतो, हे त्याने पाहिले. म्हणून त्याने प्रथम बोलणेच नाकारले. बोलण्याची प्रेरणा उत्पन्न होऊ द्यावयाची आणि तिला उत्तर द्यावयाचे नाही. त्या रिकाम्या अवकाशात मान मोकळी राहावी, देह आखडू नये, एवढे मनाने सांगत राहावयाचे, करावयाचे काही नाही. आणि अगदी बोलण्याच्या क्षणी पुन्हा निवड करावयाची : बोलावे, की न बोलता हात उचलावा, की काहीच करू नये. कधी तो बोले, कधी नुसता हात उचली, कधी तसाच उभा राही. फळाचा हव्यास इतका सुटला तेव्हा जुनी वाट आपोआप चालावयाचे थांबली आणि त्याचा आवाज सुटला. फळाकडे झेप घेणारा साधनाकडे पाहत नाही आणि म्हणून सवयीच्या हाती सापडतो, असा त्याचा सिद्धान्त आहे. १९०४ साली तो लंडनला गेला, तेथे अनेक वर्षे त्याने ही विद्या शिकविली, आणि हा सर्व शोध १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या 'द यूज ऑफ द सेल्फ' या ग्रंथात लिहून ठेवला. १९५५ साली तो वारला.

त्याचे सर्वच विचार स्वीकारार्ह आहेत असे मात्र कोणी समजू नये. १९१० च्या त्याच्या पहिल्या ग्रंथात मानववंशांच्या उच्चनीचतेविषयी जी मते आली आहेत ती त्याज्य आहेत. आपल्या विद्येच्या कक्षेविषयी त्याने केलेले काही दावेही पुराव्याच्या पलीकडे गेलेले आहेत. परीक्षणाने जे टिकले ते मर्यादित, पण भक्कम आहे. इंग्लंडमध्ये दीर्घकाळच्या पाठदुखीने पीडलेल्या ५७९ जणांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष २००८ साली तेथील वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांनी या विद्येचे २४ पाठ घेतले होते त्यांचे वेदनेचे दिवस वर्षानंतर चार आठवड्यांत ३ वर आले होते. ज्यांना नेहमीचाच उपचार मिळाला त्यांचे २१ होते. पाठदुखी ही काही नीती नव्हे. परंतु देहाची जुनी धाटणी लक्ष देऊन बदलता येते, एवढे यावरून निश्चित होते.

नीतीचा धागा अमेरिकन तत्त्वचिंतक जॉन ड्यूई याने जोडला. तो स्वतः अलेक्झांडरपाशी शिकला होता. १९२२ सालच्या 'ह्यूमन नेचर अँड कॉन्डक्ट' या ग्रंथात त्याने वाकून उभ्या राहणाऱ्या माणसाचे उदाहरण घेतले आहे. त्यास "सरळ उभा राहा" असे म्हटले, आणि त्याने मनापासून प्रयत्न केला, तर काय होते? तो निराळ्या रीतीने वाकडा उभा राहतो, इतकेच. इच्छा आहे, आज्ञा आहे, प्रयत्नही आहे. साधनाचे ज्ञान नाही. ड्यूईचे म्हणणे असे की नीतीच्या क्षेत्रातही उपदेशक हेच करीत असतात. क्रोधी माणसास शांत हो म्हणतात, आणि तो शांत झाल्याचे दाखवीत आतून आवळून बसतो.

फार धीमेपणा हे या विद्येचे दुसरे अंग. मोशे फेल्डेनक्राइस (१९०४–१९८४) हा पदार्थविज्ञानाचा अभ्यासक आणि ज्यूदो या जपानी मल्लविद्येचा जाणकार. गुडघ्याच्या दुखापतीने तो या शोधाकडे वळला आणि त्याने अतिशय हळू व अतिशय लहान हालचालींचे पाठ रचले. त्यामागचे कारण समजण्यास सोपे आहे. डोक्यावर ज्वारीचे पोते असता वर मूठभर दाणे टाकले तर कळत नाहीत. तळहातावर चार दाणे असता पाचवा लगेच कळतो. जर्मन शरीरशास्त्रज्ञ वेबर याने एकोणिसाव्या शतकात हा नियम मोजून सिद्ध केला. जोर जितका अधिक तितका भेद कमी जाणवतो. म्हणून खोड मोडावयाची तर जोर लावून नव्हे, जोर काढून घेऊन. गायनाचे गुरूही मुद्रादोष घालविण्यासाठी शिष्यास आरशापुढे बसवितात आणि लय विलंबित करतात, ते याच न्यायाने.

येथे तीन शंका संभवतात. पहिली अशी की, प्रत्येक हालचालीवर अवधान ठेवू म्हटले तर चालणेच खुंटेल. तसे नाही. अवधान सर्वत्र ठेवावयाचे नसून आरंभी ठेवावयाचे आहे. गाठोडे बांधले जाते ते आरंभीच, आणि सुटले तर तेथेच सुटते. सकळ लिपी नव्याने शिकणाऱ्याचा अनुभव याला साक्षी आहे. त्याच्या हाताला बालबोध अक्षरांचे वळण असते. सांकेतिक चिन्ह त्यास पाठ असते, तरी लेखणी धावली की तिच्यातून जुने अक्षरच उतरते. लेखणी कागदावर टेकण्यापूर्वी तो ती क्षणभर धरून ठेवतो, तेव्हाच नवे चिन्ह उमटते. एकदा रेघ सुरू झाल्यावर मध्येच केलेली दुरुस्ती पानावर केवळ डाग ठेवते.

दुसरी शंका अधिक गंभीर आहे. जीव देहाहून भिन्न असे ज्या मार्गात शिकविले जाते, त्या मार्गाच्या अनुसरणाऱ्याने देहाकडे इतके लक्ष देणे हा देहाभिमान नव्हे काय? शिवाय उद्धरण परमेश्वराधीन असता मानेच्या आणि पावलाच्या अभ्यासाने काय साधणार? उत्तरार्ध प्रथम घेऊ. या अभ्यासाने मोक्ष साधतो असे येथे कोणी म्हणत नाही. असंनिधानात जो आचार विहित आहे तो खरोखर आचरिला जावा, त्याचे केवळ सोंग उरू नये, इतकाच याचा उपयोग. आता देहाभिमान. देह हलतो, आणि जीव तेथे हजर नसताही मागाहून "मी केले" म्हणतो, यास देहाभिमान म्हणावे की जो देहाच्या हालचालीस आपल्यापुढची वस्तू म्हणून पाहतो त्याच्या पाहण्यास? पाहणारा ज्याला पाहतो त्याहून वेगळा पडतो. ज्याने आपले चालणे कधी पाहिलेच नाही तो त्यात पुरता मिसळलेला आहे.

शेजारच्या मार्गांनीही हे ओळखले होते. जैन मुनींच्या पाच समितींत ईर्यासमिती ही पहिली; जीवरक्षणासाठी सुमारे चार हात पुढची भूमी निरखीत चालावे असा तिचा विधी आहे. बौद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात जाणे-येणे, हातपाय आखडणे-पसरणे हीही अवधानाची स्थाने सांगितली आहेत. मतांचे भेद मोठे आहेत आणि ते येथे पुसावयाचे नाहीत. परंतु पाऊल कोणत्याही मताचे असो, बेसावध झाले म्हणजे ते सारखेच पडते.

तिसरी शंका सर्वांत अवघड. अवधानाचीही सवय होणार नाही काय? सावकाश चालण्याचे वळण लागेल, थांबण्याचेही वळण लागेल, आणि पुन्हा आतले घर रिकामे. होय, असे होते. स्थानवंदनास निघालेल्या यात्रेत हे प्रत्यक्ष दिसते. पहिल्या ओट्यापाशी मस्तक टेकताना गुडघा भूमीस लागल्याचे, कपाळास दगडाचा गारवा लागल्याचे कळते. दहाव्या ओट्यापाशी देह आपला आपण वाकतो आणि उठतो, आणि मन पुढल्या मुक्कामाच्या उपहाराचा विचार करीत असते. 'दंडवत प्रणाम' हा शब्द तर साऱ्या देहाच्या एका कृतीचे नाव आहे. दिवसातून किती वेळा तो ओठांवर येतो आणि किती वेळा पाठीचा एकही मणका त्यात सामील असतो? स्मरणाच्या गाठीचे मणी बोटे सरकवितात ते नाम घेण्यासाठी, आणि काही दिवसांनी बोटे नामावाचूनही सरकू लागतात. सवय किती दिवसांत जडते याचा लंडनमध्ये ९६ जणांवर अभ्यास झाला, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला, परंतु कोणास १८ पुरतील आणि कोणास २५४ लागतील असाही अंदाज त्यात आहे. एकवीस दिवसांत सवय लागते असा लोकप्रवाद आहे, तो या अभ्यासात टिकला नाही. असो. सवय लागते हे निश्चित. आणि तिचा पहिला घास अवधान असते.

म्हणूनच अलेक्झांडरला आरसा लागला, आणि एक पुरला नाही. स्वतःच्या जाणिवेवर विसंबता येत नाही हे एकदा पटले की बाहेरचा साक्षी शोधणे प्राप्त होते. येथे अनुसरणाऱ्यापुढे खरा पेच आहे. विजन हे विहित, एकान्त हा विहित; आणि एकान्तात तर आरसा नाही. एकटा राहणारा आपल्या खोडींसह सुखाने राहतो, त्या त्याला खोडी वाटतच नाहीत. उलट, चार जणांत राहणाऱ्यास आरसे पुष्कळ, परंतु तेथे पाहणे कमी आणि दाखविणे अधिक होते. या पेचाचा सरसकट निकाल देता यावयाचा नाही. एवढे मात्र म्हणता येईल की एकान्तात जाण्यापूर्वी ज्याने सोबत्याचा डोळा सोसला आहे, त्याला एकान्तात निदान आपल्या जाणिवेचा संशय तरी राहतो. तो संशय विकल्प नव्हे. विकल्प परमेश्वराविषयी असतो. हा संशय आपल्या मानेविषयी आणि पावलाविषयी आहे.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तरही येथेच हाती येते. मुंग्यांची रांग पायाखाली आली त्या क्षणी तो भिक्षुक काही करू शकत नव्हता. परंतु मठाचा उंबरा होता. पहिले घर होते. प्रत्येक वळण, भिक्षेनंतरचे प्रत्येक पुन्हा निघणे, हा एकेक आरंभ होता, आणि त्या प्रत्येक ठिकाणी थांबणे त्याच्या हाती होते. पावलाचा कर्ता तोच. मात्र तो कर्ता त्या उंबऱ्यापाशी होता, रांगेपाशी नव्हे. प्रायश्चित्त घेताना "पुन्हा असे करणार नाही" म्हणून तो रांगेपाशी उभा राहील, तर उद्याची रांग दुसऱ्या ठिकाणी असेल.

दुसऱ्या दिवशी दोघे पुन्हा भिक्षेस निघाले. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी तो भिक्षुक थांबला. मान खाली जाऊ लागली होती, ती त्याने जाऊ दिली नाही. क्षणभर समोरचे अंगण, निंब, पलीकडची वाट दिसली. मग तो आपण होऊन खाली पाहू लागला आणि निघाला. मारुतीच्या देवळाच्या वळणावर तो थांबावयाचे विसरला. मागून सोबती म्हणाला, "दादा." तो थांबला. वाट मोकळी होती. पायापुढे काहीही नव्हते. त्याला थोडा रागही आला. तो तेथे उभा राहिला, राग मानेशी कोठे आवळतो ते पाहिले, आणि मग पाऊल उचलले.